परिचारिकेच्या अधिकाराची हद्द रात्री दोनला एक आणि सकाळी नऊला दुसरी का? परिचर्या परिषद आणि आरोग्य खात्याला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र परिचर्या परिषद, मुंबई
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : परिचारिकांच्या कामाची आणि अधिकाराची हद्द संवर्गनिहाय लेखी ठरवण्याबाबत

महोदय / महोदया,

राज्यातल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात जा आणि रात्रपाळीच्या पाच अधिपरिचारिकांना (स्टाफ नर्सना) एकेकटीला गाठून एक प्रश्न विचारा. मधुमेही रुग्णाची साखर ४५ आली आहे, तो घामाने भिजला आहे, हाक मारली तर नीट उत्तर देत नाही आणि निवासी डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये अडकले आहेत. २५ टक्के डेक्स्ट्रोज (शिरेतून द्यायचे ग्लुकोजचे द्रावण) तुम्ही स्वतःहून सुरू कराल का? एक म्हणेल, लावते आणि मग कळवते. दुसरी म्हणेल, फोनवर ‘हो’ आल्याशिवाय हात लावणार नाही. तिसरी कॉल बुक (डॉक्टरला बोलावण्याची वही) देऊन वॉर्डबॉय मामांना थिएटरकडे पिटाळेल. चौथी आधी विचारेल, ड्यूटीवर डॉक्टर कोण आहेत? पाचवी सांगेल, आमच्या वॉर्डात चालतं, शेजारच्या वॉर्डात चालत नाही. पाचही जणी एकाच परिषदेच्या नोंदणीकृत परिचारिका आहेत आणि एकच अभ्यासक्रम शिकलेल्या आहेत. यांतल्या कोणाचे बरोबर आणि कोणाचे चूक हे सांगणारा एकही कागद त्यांच्या हाताशी नसतो.

डॉक्टर पोहोचेपर्यंतच्या पहिल्या दहा मिनिटांत रुग्णाचे काय होणार, हे ‘माझी हद्द इथपर्यंत’ असे त्या परिचारिकेला जे वाटते त्यावर ठरते. आज ते वाटणे वॉर्डाच्या सवयीतून, एखाद्या वरिष्ठ सिस्टरच्या धीटपणातून किंवा मागच्या प्रकरणात कोणाला मेमो मिळाला यातून घडते. त्याला लेखी आधार द्यावा, एवढ्यासाठी हे पत्र.

कायद्यांकडे पाहिले तर १९४७ चा भारतीय परिचर्या परिषद कायदा, आपल्या राज्याचा १९६६ चा परिचारिका कायदा आणि २०२३ चा राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायदा, या तिन्हींचा मुख्य भर शिक्षण, मान्यता, नोंदणी आणि वर्तन यांवर आहे. स्वतःला परिचारिका कोणी म्हणवून घ्यायचे हे त्यांतून नीट कळते. पण नोंदणीकृत परिचारिकेने रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून स्वतःच्या निर्णयावर काय करायचे, हे कळत नाही. सरकारी रुग्णालयांतली कर्तव्यसूची वाचली तर ‘वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या आदेशानुसार औषधोपचार करणे’ यापासून सुरुवात होते आणि ‘वरिष्ठ सांगतील ती इतर कामे’ यावर शेवट होतो. या दोन वाक्यांमध्ये परिचारिकेचा स्वतःचा निर्णय कुठे बसतो?

आता जरा उपकेंद्राकडे या, कारण तिथे हा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्या एएनएमला, म्हणजे आपल्या आरोग्यसेविकेला, कुशल प्रसूतीसेवेचे २१ दिवसांचे प्रशिक्षण मिळाले की केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार काही औषधे स्वतःच्या निर्णयावर देता येतात. बाळ जन्मल्यावर रक्तस्राव टाळण्यासाठी ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत, ते नसेल तर मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या तोंडाने. गरोदर बाईला झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस १० ग्रॅम, म्हणजे ५० टक्क्यांच्या, प्रत्येकी एक ग्रॅमच्या दहा ॲम्प्यूल, पाच-पाच दोन्ही कुल्ल्यांत खोल, आणि लगेच संदर्भसेवा, म्हणजे मोठ्या रुग्णालयात पाठवणे. अंगणवाडीतल्या लसीकरण सत्रात तिच्याकडे ॲनाफिलॅक्सिसचा, म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीच्या रिॲक्शनवरचा, संच असतो. त्यात १:१००० ॲड्रेनालिनच्या ॲम्प्यूल, बारीक सिरिंज आणि वयानुसार मात्रेचा तक्ता असतो. बाळाचा चेहरा सुजला, श्वास घरघरला, नाडी हाताला लागेना, तर तिने डॉक्टरला शोधत बसायचे नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत एक मात्रा द्यायची आणि १०८ बोलवायची. कोणते लक्षण दिसले तर, कोणते औषध, किती, कुठे आणि पुढे काय, हे सगळे तिथे लिहिलेले आहे.

याच्या शेजारी चार वर्षे शिकलेली बी.एस्सी. नर्सिंगची परिचारिका ठेवा. ती मेडिसिन वॉर्डात रात्री सेफ्ट्रायॅक्सोनची इंजेक्शने देते आहे. एका रुग्णाला तीच रिॲक्शन येते. ॲड्रेनालिन क्रॅश कार्टमध्ये (तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीत), हाताच्या अंतरावर आहे. प्रौढाची मात्रा अर्धा मिली, स्नायूत, गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा, हे तिला पाठ आहे. तरी ती आधी फोन उचलते. फोन लागत नाही तोवर ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन देते, कारण त्यांबद्दल आजवर कोणी जाब विचारलेला नसतो. ॲनाफिलॅक्सिसमध्ये ही दोन्ही औषधे ॲड्रेनालिनची जागा घेऊ शकत नाहीत. ज्ञान जास्त आणि अधिकार कमी, अशी ही उलटी रचना आहे.

याचे कारण आम्हाला असे दिसते की आपल्याकडे अधिकार परिचारिकेच्या कौशल्यावर दिलेला नाही, तो डॉक्टरच्या अनुपस्थितीवर दिलेला आहे. गावात डॉक्टर नाही हे सरकारला मान्य आहे, म्हणून तिथे परवानगी मिळते. रुग्णालयात डॉक्टर कागदावर चोवीस तास हजर असतात, म्हणून तिथे परवानगीची गरजच नाही असे धरले जाते. प्रत्यक्षात रात्री एक निवासी डॉक्टर दोन-तीन वॉर्ड आणि कॅज्युअल्टी सांभाळत असतो. मग हद्द माणसागणिक आणि तासागणिक बदलते. रात्री दोन वाजता ज्या सिस्टरने ऑक्सिजन वाढवला, सलाईनचा वेग बदलला, इन्सुलिन रोखून धरले, तिलाच सकाळी नऊच्या राउंडला ‘कोणाला विचारून केलंत?’ असा प्रश्न येतो. रात्री ती हुशार ठरते आणि सकाळी आगाऊ. अशा दोन-तीन सकाळी झाल्या की चांगली परिचारिका निर्णय घेणे सोडते. तेव्हा तिला आपण कामचुकार म्हणतो.

उपाय नवा नाही. समुदाय आरोग्याच्या पेपरात प्रत्येक विद्यार्थिनी ‘स्टँडिंग ऑर्डर’, म्हणजे ठरावीक प्रसंगासाठी डॉक्टरच्या सहीने आधीच लिहून ठेवलेला आदेश, शिकते. त्याच पद्धतीने रुग्णालयातल्या मोजक्या, ठरावीक प्रसंगांसाठी आदेश लिहायचे. एक उदाहरण पूर्ण मांडतो, कारण या कामात यश-अपयश तपशिलावर ठरते.

साखर कमी होण्याची स्टँडिंग ऑर्डर. लागू कोणाला : अठरा वर्षांवरील दाखल रुग्ण, ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली. नवजात बाळे आणि लहान मुले यात नाहीत. त्यांच्यासाठी १० टक्के डेक्स्ट्रोज आणि वजनावर मात्रा असा वेगळा आदेश हवा. इन्सुलिनचे ड्रिप चालू असेल तर पहिले काम ते बंद करणे. रुग्ण शुद्धीत असेल आणि पाणी नीट गिळत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे चहाचे साधारण तीन सपाट चमचे, अर्ध्या पेल्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर पाहायची, ७० च्या खालीच असेल तर तेवढेच पुन्हा. वर आली की खायला द्यायचे. रुग्ण गुंगीत असेल तर तोंडाने काहीही नाही. इथेच सर्वांत मोठी चूक होते. घाबरलेले नातेवाईक चमच्याने साखरपाणी घालतात आणि ते फुप्फुसात जाते. अशा रुग्णाला २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली, मोठ्या शिरेतून, साधारण दहा ते पंधरा मिनिटांत. त्याआधी साध्या सलाईनने इंट्राकॅथ (शिरेतली बारीक नळी) चालू असल्याची खात्री, कारण हे द्रावण शिरेबाहेर गेले तर कातडी जळते. व्यसनी किंवा कुपोषित रुग्ण असेल तर थायमिनबद्दल (ब-१ जीवनसत्त्वाबद्दल) डॉक्टरांना तेव्हाच विचारायचे, पण त्यासाठी डेक्स्ट्रोज थांबवायचे नाही. शीर मिळत नसेल आणि साठ्यात ग्लुकॅगॉन (साखर वाढवणारे इंजेक्शन) असेल तर १ मिलिग्रॅम स्नायूत. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. दुसऱ्यांदाही ७० च्या खाली आली तर डॉक्टरांनी वॉर्डात येणे बंधनकारक.

यानंतरचा भाग बहुतेक ठिकाणी राहून जातो. रुग्ण मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडच्या गोळ्या घेत असेल, किंवा त्याची किडनी कमजोर असेल, तर साखर वर येऊन पुन्हा उतरते आणि हे चोवीस तास किंवा त्याहूनही अधिक काळ चालू शकते. म्हणून दर तासाला तपासणी लिहून ठेवावी लागते. सकाळी सहाचा इन्सुलिनचा डोस डॉक्टरांनी पुन्हा पाहून लिहिल्याशिवाय द्यायचा नाही. केस पेपरवर वेळ, आकडा, दिलेले औषध, ‘स्टँडिंग ऑर्डरनुसार’ हे शब्द, कोणाला कितीला कळवले, सही आणि नोंदणी क्रमांक. खाली मेडिसिन विभागप्रमुख आणि अधिसेविका (मेट्रन) या दोघांच्या सह्या, आणि आदेशाची मुदत संपण्याची तारीख. हे सगळे एका पानात बसते.

असेच एकेक पान ॲनाफिलॅक्सिसचे, अचानक घसरलेल्या ऑक्सिजनचे, झटक्यांचे, प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचे आणि रक्त चढवताना आलेल्या रिॲक्शनचे व्हावे. शेवटच्या प्रसंगात तर डॉक्टरची वाट पाहण्यासारखे काहीच नाही. पिशवी तत्काळ बंद, नवा सेट लावून साध्या सलाईनने शीर चालू, रुग्णाची ओळख आणि पिशवीचा क्रमांक पुन्हा पडताळणे, पिशवी आणि रक्ताचा नमुना रक्तपेढीला. आम्हाला काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. पहिली पंधरा मिनिटे परिचारिकेने खाटेजवळ थांबायचे असते, कारण गंभीर रिॲक्शन बहुधा तेव्हाच डोके वर काढते. चाळीस रुग्णांमागे दोघी असतील तर ही पंधरा मिनिटे कुठून आणायची, हे कोणत्याच आदेशात लिहिता येणार नाही.

हद्द फक्त रुंद करा अशी आमची मागणी नाही. काही ठिकाणी ती ठामपणे आवळावी लागेल. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही घेण्याचे काम सर्रास सिस्टरवर येते. शस्त्रक्रिया काय आहे, धोके कोणते, दुसरा पर्याय कोणता, हे रुग्णाला सांगणे ती शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचे काम आहे. परिचारिका फार तर साक्षीदार. दुसऱ्याने भरून ठेवलेली, लेबल नसलेली सिरिंज ‘सिस्टर, एवढी देऊन टाका’ म्हणून हातात देणे ही आणखी एक नित्याची गोष्ट. पोटॅशियम क्लोराइडची १० मिलीची ॲम्प्यूल दिसायला पाण्याच्या ॲम्प्यूलसारखीच असते. १५ टक्क्यांच्या त्या एका ॲम्प्यूलमध्ये साधारण २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. ते सलाईनमध्ये मिसळून, हाताच्या शिरेतून सहसा तासाला १० पेक्षा जास्त नाही, असे द्यायचे असते. थेट शिरेत ढकलले तर हृदय थांबते. म्हणून लेबल नसलेली सिरिंज नाकारणे हा परिचारिकेचा अधिकार म्हणून छापला पाहिजे.

इन्सुलिनचेही तसेच. आपल्याकडच्या कुप्या बहुतेक ४० युनिट प्रति मिलीच्या, पेनची कार्ट्रिज १०० ची. कुपी संपली म्हणून कार्ट्रिजमधून ४० च्या सिरिंजने ‘वीसच्या खुणेपर्यंत’ ओढले तर आत पन्नास युनिट जातात. फोनवरच्या ‘वीस युनिट द्या’ या आदेशात ही गोष्ट कुठेच दिसत नाही. ती फक्त भरणाऱ्या हाताला दिसते.

दिल्लीतल्या एका खासगी रुग्णालयातल्या प्रकरणाचा निकाल १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. विषमज्वराच्या मुलाला क्लोरॅम्फेनिकॉल लिहिलेले असताना नावाच्या गोंधळातून क्लोरोक्विनचे इंजेक्शन शिरेतून दिले गेले. मुलाचे हृदय थांबले आणि मेंदूला कायमची इजा झाली. इंजेक्शन देणारी व्यक्ती नोंदणीकृत परिचारिका नव्हती आणि जे काम निवासी डॉक्टरने स्वतः करायचे ते तिच्यावर सोपवले गेले होते. रुग्णालय जबाबदार ठरले. औषधांच्या नावांचा गोंधळ, न विचारता खाली ढकललेले काम आणि पात्रता नसलेला हात, या तिन्ही गोष्टी आजही राज्यातल्या छोट्या नर्सिंग होममध्ये एकत्र सापडतील. बारावी झालेल्या मुलींना सहा महिने ‘तयार’ करून पांढरा ॲप्रन चढवला की रुग्णाला फरक कळत नाही. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने शिरेतून औषध देणे परिषद जोवर मुळातून थांबवत नाही, तोवर नोंदणीकृत परिचारिकेची हद्द कितीही नीट आखली तरी तिला बाजारात किंमत राहणार नाही.

फोनवरच्या आदेशांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. रीत सर्वांना माहीत आहे. ऐकायचे, लिहायचे, वाचून दाखवायचे, दुसऱ्या परिचारिकेने ऐकल्याची सही, डॉक्टरची सही चोवीस तासांत. बिघडते ते शेवटच्या पायरीवर. सकाळी युनिट बदलते, रात्रीचा डॉक्टर ‘पोस्ट ड्यूटी’ निघून जातो आणि कागदावर औषध दिल्याची सही फक्त परिचारिकेची उरते. रुग्ण बरा झाला तर त्या रिकाम्या जागेकडे कोणी पाहत नाही. तक्रार झाली की आदेश कधी दिलाच नव्हता असे निघते. आता व्हॉट्सॲपवर आदेश येतात आणि तेही डिलीट करता येतात. आमचे म्हणणे असे की पोटॅशियम, इन्सुलिन, हेपारिन, मॉर्फिन, भुलीची आणि कर्करोगाची औषधे जीव वाचवण्याचा प्रसंग वगळता फोनवर घ्यायचीच नाहीत. बाकी आदेशांवर चोवीस तासांत सही झाली नाही तर त्याची यादी रोज वैद्यकीय अधीक्षकांच्या टेबलावर जावी. सही मिळवण्यासाठी परिचारिकेने डॉक्टरच्या मागे फिरायचे नाही. ही जबाबदारी आदेश देणाऱ्याची आहे.

नकाराचा प्रश्न याला जोडूनच येतो. आपल्या राज्यातून अनेक परिचारिका आयर्लंडला जातात. तिथल्या परिचर्या मंडळाने २००० सालीच कामाच्या हद्दीची चौकट प्रसिद्ध केली. तिच्यात कामांची लांबलचक यादी नाही, तर परिचारिकेने स्वतःला विचारायचे प्रश्न आहेत. हे करायला मी शिकलेली आणि सक्षम आहे का? हे रुग्णाच्या हिताचे आहे का? संस्थेचे धोरण याला परवानगी देते का? याचा जाब मी देऊ शकेन का? उत्तर ‘नाही’ असेल तर थांबायचे आणि वर कळवायचे, हे तिचे कर्तव्यच ठरते. आपल्याकडे परिचारिका थांबली तर ‘सिस्टर ऑर्डर पाळत नाहीत’ असा शेरा येतो. शंका आली की निवासी डॉक्टर, दहा मिनिटांत उत्तर नाही तर वरिष्ठ डॉक्टर, पुढच्या दहा मिनिटांत नाही तर रात्रपाळीच्या अधिसेविका आणि अधीक्षक, अशी घड्याळासह शिडी आखून द्या. त्या शिडीवर चढणाऱ्या परिचारिकेवर कारवाई होणार नाही असे लेखी द्या.

आता एक गोष्ट आमच्या भगिनींना आणि बंधूंनाही सांगायची आहे. हद्द म्हटले की आपण सुई, नळी आणि औषध यांचीच मोजणी करतो. पण ज्याला कोणाच्याही परवानगीची गरज नाही असे पुष्कळ काम आपलेच आहे आणि तेच सर्वांत आधी गळते. टीपीआरच्या (ताप, नाडी, श्वासाच्या) तक्त्यावर चाळीसच्या चाळीस रुग्णांचा श्वास ‘२०’ लिहिलेला असतो. पूर्ण एक मिनिट छातीकडे पाहून मोजला तर त्यातला एखादा २८ निघतो, आणि श्वासाचा वेग अनेकदा रक्तदाब पडण्याच्या कितीतरी आधी वाढतो. ही नोंद कोणत्याही इंजेक्शनइतकी मोलाची आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस बदलणे, नाकातल्या नळीने अन्न देण्याआधी नळी जागेवर आहे का पाहणे, डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवणे, घरी जाणाऱ्याला इन्सुलिन टोचायला शिकवून त्याच्याकडून करून घेणे, हे सारे परिचर्येचे गाभ्याचे काम. आज नळीने अन्न देणे नातेवाइकांवर सोडले जाते, तेही बहुतेकदा न शिकवता.

मात्र हे काम का गळते, हे शासनाने आकड्यांत पाहावे. वॉर्डात सहा रुग्ण खिळलेले आहेत असे धरा. बारा तासांच्या रात्री दर दोन तासांनी कूस म्हणजे प्रत्येकी सहा वेळा, एकूण छत्तीस वेळा. दोघींनी मिळून एका वेळी सहा मिनिटे धरली तर २१६ मिनिटे, म्हणजे दोघींचेही साडेतीन तासांहून अधिक. रात्रीची औषधे, दाखल होणारे, दगावणारे, थिएटरला जाणारे या हिशेबात नाहीत. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण शिक्षण-रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक, सर्वसाधारण रुग्णालयांत पाचांमागे एक, आणि रजांसाठी ३० टक्के जास्तीची पदे, असे आहे. ते कागद सोडून वॉर्डापर्यंत आले नाही तर अधिकार वाढवून उपयोग नाही. उलट वाढलेला अधिकार म्हणजे त्याच दोन हातांवर आणखी चार कामे, असेच परिचारिकांना वाटेल. आज अनेकींना तसेच वाटते आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

याच दोन हातांवर चादरींची मोजदाद, इंडेंट (सामानाची मागणीपत्रे), फुटलेल्या थर्मामीटरचा हिशेब, जन आरोग्य योजनेचे कागद आणि जेवणाची संख्या आहे. आरोग्यसेविकेवर माता-बाल आरोग्याच्या (आरसीएच), लसीकरणाच्या (यू-विन) आणि असंसर्गजन्य आजारांच्या पोर्टलवरच्या नोंदी आहेत. ही कामे आवश्यक आहेत, पण त्यांना परिचर्येची नोंदणी लागत नाही. वॉर्ड क्लार्कचे पद भरणे ही परिचारिकेची हद्द दुरुस्त करण्याची सर्वांत स्वस्त वाट आहे.

ज्यांना अधिक अधिकारासाठीच शिकवले गेले त्यांचे काय, हाही प्रश्न आहे. क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने सुरू केला. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रसूतीसेवेतल्या नर्स प्रॅक्टिशनरचे अठरा महिन्यांचे प्रशिक्षण आले. समुदाय आरोग्य अधिकारी सहा महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम करून आयुष्मान आरोग्य मंदिरात बसतात आणि वैद्यकीय अधिकाऱ्याने सुरू केलेली रक्तदाब-मधुमेहाची औषधे पुढे चालू ठेवतात. पण शिक्षण संपवून परतल्यावर जुन्याच पदावर जुनीच कामे करायची असतील, तर ते शिक्षण रुग्णापर्यंत पोहोचत नाही. आयर्लंडने २००७ पासून जादा शिक्षण घेतलेल्या परिचारिकांना औषधे लिहिण्याचा अधिकार दिला. एवढी उडी आज मारा असे आम्ही म्हणत नाही. शिकवले तेवढे तरी करू द्या.

आणि शिक्षेचा मुद्दा, ज्याची परिचारिकांमध्ये फारशी चर्चा होत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना तसे घडले तर मर्यादा दोन वर्षांची. या सवलतीची व्याख्या वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्या डॉक्टरांपुरती आहे. म्हणजे एकाच खाटेवर, एकाच चुकीच्या औषधासाठी, आदेश देणाऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षे आणि तो पाळणारीला पाच. हद्द अस्पष्ट आणि शिक्षा जास्त, अशा स्थितीत माणूस हात आखडता घेणारच. कायदा बदलणे केंद्राच्या हाती आहे, पण राज्याने हा मुद्दा केंद्राकडे लेखी मांडावा. तोवर परिचारिकेविरुद्धच्या प्रत्येक चौकशी समितीत त्याच शाखेतली अनुभवी परिचारिका सदस्य म्हणून असावी.

डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप आम्ही ओळखतो. अर्धवट शिकलेल्यांच्या हाती औषधे जातील, ही भीती खोटी नाही. पण स्टँडिंग ऑर्डर डॉक्टरच्या सहीनेच निघते, ठरावीक औषध आणि ठरावीक मात्रेपुरतीच असते, आणि ज्या परिचारिकेची त्या कौशल्याची परीक्षा वर्षभरात झाली आहे तिलाच लागू होते. आज मात्र कोणतीही सही, कोणतीही परीक्षा नसताना रात्रभर हेच निर्णय घेतले जातात.

परिषदेने परिचर्या शिक्षक, वॉर्डातल्या परिसेविका (वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर), आरोग्यसेविका आणि डॉक्टर यांचा छोटा गट नेमावा. मंत्रालयात बसून मसुदा करू नका, रात्रपाळीत वॉर्डात बसा. पहिला टप्पा म्हणून वर सांगितलेले सहा प्रसंग घ्या. एक वैद्यकीय महाविद्यालय, एक जिल्हा रुग्णालय, एक ग्रामीण रुग्णालय आणि एक खासगी रुग्णालय निवडा. सहा महिने तीनच गोष्टी मोजा : साखर कमी आढळल्यापासून डेक्स्ट्रोज सुरू होईपर्यंतची मिनिटे, चोवीस तासांनंतरही सही न झालेले फोनवरचे आदेश, आणि परिचारिकेने शंका घेतलेल्या आदेशांपैकी पुढे बदलले गेलेले आदेश. तिसरा आकडा नोंदवणाऱ्या परिचारिकेचे नाव गुप्त ठेवा, नाहीतर तो शून्यच येईल. मोजणीचे निष्कर्ष, चांगले-वाईट दोन्ही, परिषदेच्या संकेतस्थळावर मराठीत लावा. दर पाच वर्षांच्या नोंदणी नूतनीकरणाला या कौशल्यांची प्रत्यक्ष परीक्षा जोडा आणि ती वॉर्डात घ्या, सभागृहात नको.

साखरेच्या आणि ॲनाफिलॅक्सिसच्या आदेशांचा मसुदा आमच्याकडे तयार आहे. परिषद सांगेल त्या दिवशी तो घेऊन येण्याची आमची तयारी आहे.

आपल्या नम्र,
राज्यातील शासकीय व खासगी रुग्णालयांत काम करणाऱ्या आणि परिचर्या शिकवणाऱ्या काही परिचारिका व परिचारक